विट्याजवळच्या गावातल्या पाण्याचा जुना इतिहास घरबसल्या कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव विट्याजवळचं, तालुका खानापूर, जिल्हा सांगली. गावातल्या विहिरी, पाट आणि जुने दुष्काळ यांवर एम.ए.चा प्रकल्प लिहायचाय. पुण्या-मुंबईच्या खेपा परवडत नाहीत आणि नेटवर 'सांगली' घालून शोधलं तर कामाचं काही हाती लागत नाही.

अडचण 'सांगली' या शब्दातच आहे. १९४९ पर्यंत तुमचा तालुका सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि त्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. त्याआधीच्या कागदांत सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, म्हणजे तुम्हाला जे सापडलं ते दुसऱ्याच मुलखाचं. खानापूर, तासगाव, वाळवा ही इंग्रजी अमलातली, सातारा जिल्ह्यातली. तुमच्या शेजारचं आटपाडी मात्र औंध संस्थानात आणि जत हे स्वतंत्र संस्थान. कागद ज्या कचेरीत तयार झाले तिच्याच नावाखाली लावलेले असतात, त्यामुळे गाव तेव्हा कोणाच्या अमलात होतं हे आधी वहीत लिहून ठेवा आणि मगच शोधायला बसा.

सुरुवात मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरपासून करा: खंड १९, सातारा, १८८५. इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. पाटबंधारे, शेती, १८७६-७७ चा दुष्काळ आणि शेवटी गावांची माहिती असं सगळं त्यात येतं. पण त्यात शब्द शोधताना भले भले फसतात. छापताना 'आ' दाखवण्यासाठी रोमन ए वर तिरकी रेघ दिलेली आहे आणि यंत्र पान वाचतं तेव्हा त्या रेघेच्या ए ला बऱ्याचदा डी समजतं. म्हणजे 'खानापूर' टाइप करून शून्य उत्तरं आली तरी तो शब्द पानावर असू शकतो. पुस्तकाच्या मजकुराची फाइल ब्राउझरमध्ये उघडा आणि त्यात नावातला ए नसलेला तुकडा रोमनमध्ये घालून पाहा, नुसतं 'पूर' किंवा 'येरळा' या नदीच्या नावातला 'येर'. त्याहून खात्रीचं म्हणजे अनुक्रमणिका उघडून ते प्रकरण डोळ्यांनी वाचणं. दोन तास जातील, पण जातील ते सार्थकी. स्पेलिंगं बदलतात तीही ध्यानात ठेवा: कृष्णा कुठे 'किस्तना' होते, वाळव्याच्या सुरुवातीला कधी व्ही, कधी डब्ल्यू.

आर्काइव्हच्या शोधपट्टीत शब्द घातला की तो आधी पुस्तकाच्या नावात, माहितीत शोधला जातो. आतल्या मजकुरात शोधायचं असेल तर 'टेक्स्ट कंटेंट्स' हा पर्याय निवडावा लागतो. मराठी पुस्तकांत त्याचाही फारसा उपयोग नाही, कारण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेल्या कितीतरी मराठी पुस्तकांचं देवनागरी यंत्राने वाचलेलंच नाही. त्यांची नावंही रोमनमध्ये कशीही लिहिलेली आहेत. एकच नाव तीन-चार स्पेलिंगांनी घालून पाहा. सालाकडेही नीट लक्ष द्या: जुन्या पुस्तकावर शके छापलेला असतो आणि नोंद करणारा तोच इसवी सन म्हणून भरून टाकतो. शकात ७८ मिळवा, पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदललं की ७९.

तुमच्या विषयाची खरी खाण मात्र जमीन महसुलाच्या फेरपाहणीचे, म्हणजे शेतसारा नव्याने ठरवण्यासाठी झालेल्या पाहणीचे, अहवाल आहेत. तालुक्यातला पाऊस, विहिरींची संख्या, पाटस्थळ जमीन, बैल, गाड्या, बाजाराची गावं, धाऱ्याचे दर असा तपशील त्यांत असतो आणि मागे गाववार तक्ते असतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने आपल्या ग्रंथालयातले असे पुष्कळ जुने अहवाल स्कॅन करून डीस्पेस या आपल्या ऑनलाइन संग्रहात ठेवले आहेत. तिथे 'रिव्हिजन सेटलमेंट' आणि 'सातारा' हे शब्द एकत्र घाला. तालुक्याचं नाव शीर्षकात नसेल तरी फाइल उघडा, एकेका जिल्ह्याचे अनेक अहवाल एकाच बांधणीत असतात. माझ्या मते एम.ए.च्या प्रकल्पाला दोन फेरपाहण्यांतले आकडे शेजारी मांडणं हेच भक्कम काम होईल.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ मोठं आहे, नोंदणीही फुकट, पण तुमच्या पाटांसाठी तिथे फार दिवस घालवू नका. ते केंद्र सरकारचे कागद. मुंबई सरकारचे कागद महाराष्ट्र पुराभिलेखात. आटपाडीकडे वळलात तर गोष्ट वेगळी. संस्थानांचा पत्रव्यवहार फॉरेन अँड पोलिटिकल खात्याखाली मिळतो.

शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर शिवाजी विद्यापीठ निवडा, मग इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र हे तिन्ही विभाग चाळा. प्रबंधाचं एकेक प्रकरण वेगळ्या पीडीएफमध्ये असतं. सगळ्यात आधी संदर्भसूचीची फाइल उघडा, कोणत्या दप्तरात काय आहे ते तिथेच कळतं. जुन्या मराठी प्रबंधांचे फाँट युनिकोड नसतात, त्यामुळे मजकूर कॉपी केला की अक्षरांची खिचडी होते. ते उतारे हातानेच उतरवावे लागतील. इंग्रजी नियतकालिकांसाठी कॉलेजच्या ग्रंथपालांकडे एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन नियतकालिकांच्या सोयीचा, युजर आयडी मागा. अनुदानित कॉलेजांत ही सोय असू शकते, पण मागितल्याशिवाय कोणी आपणहून देत नाही.

उतरवून घेताना पुस्तकावर छापलेला पान क्रमांक लिहा. पडद्यावर दिसणारा क्रमांक मुखपृष्ठापासून मोजलेला असतो, तो छापील क्रमांकाच्या पुढे असतो. सोबत त्या पानाचा इंटरनेटवरचा पत्ता, संग्रहातला नोंद क्रमांक आणि पाहिल्याची तारीख. स्कॅनमध्ये पानं गळालेली किंवा दोनदा आलेली असतात, म्हणून तक्ता दोन पानांवर पसरलेला असेल तर आधी क्रमांक सलग आहेत का पाहा. नसतील तर त्याच पुस्तकाचं दुसरं स्कॅन शोधा. मोबाइलवर काम करत असाल तर आधी फक्त मजकुराची फाइल उतरवा आणि लागेल तेवढीच पानं चित्ररूपात पाहा. पण आकडे मात्र कधीही मजकुराच्या फाइलीतून घेऊ नका. यंत्र ३ ला ८ वाचतं, आणि मग गावात पाच विहिरी जास्त निघतात.