लाइनमनचे गुण कोण तपासणार?

प्रश्न : ताई, आम्ही टेक्ससमध्ये प्लेनोला राहतो. घरात सगळे डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाचे चाहते. मुलगा त्याच खेळाचा मॅडन हा व्हिडिओ गेम खेळतो, हल्ली मीही त्याच्या शेजारी बसून खेळू लागलोय. पण एक गोष्ट खटकते. गेममध्ये जो तो खेळाडू ९९ पैकी ८० नाहीतर ९० गुणांचा. बदली खेळाडू उतरवला तरी काही बिघडत नाही. खऱ्या मैदानात एक माणूस जायबंदी झाला की हंगामाची वाट लागते! हे आकडे वास्तवाला धरून करायचे, तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : दादा, वेगापासून करू नका एवढंच आधी सांगते. सगळे तिथूनच करतात, कारण वेगाचा आकडा आयता मिळतो. इंडियानापोलिसला दरवर्षी कम्बाइन, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये येऊ पाहणाऱ्यांची चाचणी, भरतं, पोरं चाळीस यार्ड पळतात, घड्याळ वेळ दाखवतं. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दी ४.२१ सेकंदांत पळाला, तो तिथला विक्रम. पण ती धाव हाफ पँटवर असते. अंगावर पॅड नाहीत, समोर कोणी नाही, वळायचं नाही. आता हिशेब करा. ४.३ वाला आणि ४.५ वाला यांच्यात चाळीस यार्डांच्या शेवटी अंतर पडतं साधारण दोन यार्डांचं. खोल पासवर दोन यार्ड म्हणजे सगळं काही, मान्य. पण चेंडू घेऊन तीन यार्डांच्या गर्दीत घुसणाऱ्या रनिंग बॅकला त्याचं काय? तुमच्या काउबॉइजचाच रनिंग बॅक एमिट स्मिथ घ्या. वेगासाठी त्याचं नाव कोणी कधी घेतलं नाही, आणि चेंडू घेऊन १८,३५५ यार्ड पळण्याचा त्याचा विक्रम अजून उभा आहे.

तुमची खरी तक्रार आकड्यांच्या दाटीची आहे. दहावीच्या निकालासारखं झालंय, नव्वदच्या वर इतके जण की त्यातून कोण हुशार ते कळेना. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ, प्रत्येकी ५३ खेळाडू, म्हणजे १,६९६ माणसं. हे सगळे जगातले निवडक खेळाडू, म्हणून सगळ्यांना चांगले गुण द्यायचे, असा एक विचार असतो. मला तो पटत नाही. मोजपट्टी याच १,६९६ जणांसाठी आहे ना? मग यांच्यातला सामान्य तो ६० च्या आसपास हवा आणि ९० च्या वर मोजकीच नावं हवीत.

आता मुद्द्याचं. तुम्ही क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, हातात घेतला की त्याचं अवेअरनेस, म्हणजे खेळ ओळखायची समज, जवळजवळ निकालात निघतं. पास झेलणारा कुठला रिसीव्हर मोकळा आहे हे त्याच्या मेंदूऐवजी तुमचे डोळे बघतात. नवखा, ६० वाला पोरगा तुमच्या हातात आला की दहा वर्षं खेळलेल्या माणसासारखा बचाव वाचतो. फेकीची ताकद आणि अचूकता तेवढी त्याची स्वतःची उरते. पण त्याला राखणारे पुढचे पाच लाइनमन, दोन टॅकल, दोन गार्ड आणि मधला सेंटर, हे पासच्या खेळीत सहसा गेमच चालवतो. तिथे तुमचं कौशल्य कामाला येत नाही, फक्त रेटिंग बोलतं. म्हणजे ज्यांचे आकडे सगळ्यात चोख हवेत ते हे पाच, आणि नेमके यांचेच मोजायला सगळ्यात अवघड. यांच्या नावावर यार्ड नाहीत, टचडाउन नाहीत. नाव ऐकू येतं ते होल्डिंगचा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचा, दंड झाला की.

माझा थोरला इथे ओहायोत शाळेच्या संघात लेफ्ट गार्ड आहे. शुक्रवारी रात्री मी बाकावर बसते तेव्हा चेंडू कुठे जातो ते मला बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण माझी नजर ५० ते ७९ नंबरांवर असते. चेंडू सुटला रे सुटला की गार्डचे दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर, पॅडच्या आतल्या बाजूला बसले पाहिजेत. बाहेर खांद्यावर गेले की तो हरला, मग कितीही ढकलू दे. आणि पाय बारीक-बारीक सरकत राहिले पाहिजेत. एक पाय रुतला की समोरचा त्याच बाजूने निसटतो. हे सगळं दोन-अडीच सेकंदांत. गेममध्ये यासाठी ताकदीने रोखणं आणि चपळाईने रोखणं असे वेगळे आकडे आहेत. ते मला आवडतात, कारण सरळ अंगावर रेटत येणाऱ्या धटिंगण बुल रशला पुरून उरणारा गार्ड गिरकी घेणाऱ्यापुढे हमखास फसतो.

तेव्हा तुम्ही असं करा. एका हंगामापुरतं ओव्हरऑलकडे, म्हणजे एकूण रेटिंगकडे, बघूच नका. तो आकडा म्हणजे जागेनुसार वजन देऊन केलेली बेरीज. तोच खेळाडू दुसऱ्या जागी उभा केला की बदलतो. त्याऐवजी काउबॉइजचे पहिले पाच आणि त्यांचे बदली यांचे पास ब्लॉकचे, म्हणजे पासच्या वेळी रोखण्याचे, आकडे उघडा आणि दोघांतलं अंतर वाढवा, पहिला ८५ तर बदली ६२. मग लेफ्ट टॅकलला बाहेर बसवून त्याचा बदली उतरवा आणि खोल पास टाकून बघा. रिसीव्हर वळायच्या आत क्वार्टरबॅक जमिनीवर! आधारासाठी ईएसपीएन या क्रीडावाहिनीचा पास ब्लॉक विन रेट हा आकडा वापरा. खांद्याच्या पॅडमधल्या चिपांवरून लाइनमनने अडीच सेकंद समोरच्याला थोपवलं की नाही, ते तो सांगतो. परिपूर्ण नाही, पण नुसत्या नावलौकिकापेक्षा बरा.

तुमच्या झॅक मार्टिनला मॅडन २४ मध्ये ९९ होते. त्यावर माझा आक्षेप नाही. कारकिर्दीत नऊ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या उत्तम खेळाडूंत, निवड आणि होल्डिंगचे दंड अवघे सात, असा गार्ड मी तरी दुसरा पाहिला नाही.

प्रश्न : मी पुण्यात सोमवारी पहाटे उठून सामने बघते. हे ९९ ठरवतं कोण? यंत्र की माणूस?

उत्तर : माणसं, हातात आकडेवारी घेऊन. गेम बनवणाऱ्या ईए कंपनीकडे याच कामासाठी माणसं आहेत, हंगामात रेटिंग दर आठवड्याला खाली-वर होतात. उन्हाळ्यात ९९ वाल्यांची यादी गाजावाजा करून जाहीर होते, त्यात जाहिरातीचा भाग मोठा. खेळाडू स्वतःच्या आकड्यावरून रुसतात, तीही फुकटची जाहिरात. मला जास्त गंमत याची वाटते की ज्यांचं नाव गेमवर आहे ते नामवंत प्रशिक्षक जॉन मॅडन कॉलेजात स्वतः टॅकल खेळलेले. संगणकाला झेपत नसतानाही प्रत्येक बाजूला अकराच्या अकरा खेळाडू हवेत म्हणून ते अडून बसले. लाइनमन कापला तर हा फुटबॉल नव्हेच, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. गेम आला १९८८ साली, ठरल्यापेक्षा बराच उशिरा.

प्रश्न : धाकटा मॅडनमधलं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडून आवडत्या खेळाडूचे सगळे आकडे ९९ करतो आणि दादाला हरवतो. घरात रोज भांडणं. काय करू?

उत्तर : बाई, मॅडन २००४ मध्ये मायकेल व्हिकला ९५ वेग होता, क्वार्टरबॅक असून! तो ईएनेच दिलेला, कुणाच्या धाकट्याने नव्हे. तेव्हा मित्रमंडळींत सरळ नियम असायचा, व्हिक घ्यायचा नाही. तुम्हीही तोच लावा. एकटा असताना धाकट्याने हवे तेवढे ९९ करावेत, दादाशी खेळताना मूळ रोस्टर. आणि तरीही ऐकेना, तर दादाला हळूच सांगा, त्या ९९ वाल्याच्या पुढच्या पाच जणांचं पास ब्लॉक ४० करून ठेव.