आधी बिल्बो, मग अंगठी

प्रश्न: आम्ही परदेशात राहतो, मुलगा नऊ वर्षांचा आहे. वर्गातल्या मित्रांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे सिनेमे पाहिलेत, आता त्यालाही पाहायचेत. आम्हाला वाटतं आधी पुस्तक व्हावं, पण ते हजार पानांचं आहे. उन्हाळ्यात आजी-आजोबा येताहेत, त्यांनाही यात घेता येईल का? सुरुवात कुठून करू?

हजार पानांपासून नको. टोल्किनचंच 'द हॉबिट' घ्या; त्यातली गोष्ट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या आधीची आहे, आणि तिचा नायक बिल्बो हा हॉबिट, म्हणजे ठेंगण्या लोकांपैकी एक. १९३७ साली आलेलं हे पुस्तक मुलांसाठीच आहे. प्रकाशकाने हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं, त्याला आवडलं, मग छापलं. प्रकरणं १९, आणि सगळं मोठ्याने वाचायला साधारण ११ तास लागतात. रोज रात्री अर्धा तास धरला तर तीन-सव्वातीन आठवड्यांत संपतं. विकत किंवा वाचनालयातून घेताना संक्षिप्त आवृत्ती हाती येत नाही ना, तेवढं बघा.

बरीच घरं पहिल्याच प्रकरणात अडकतात. ते लांब आहे, आणि तेरा बुटके एकामागून एक दारात येतात. सगळी नावं लक्षात ठेवायची गरज नाही. थोरिन, बालिन आणि जाडा बॉम्बुर, एवढे तीन पुरतात. बुटके ताटल्या धुऊन ठेवतात तिथे पहिली रात्र संपवा. दुसऱ्या रात्री त्यांच्या गाण्यापासून पुढे चला. गाणी गाळू नका, कुठल्याही चालीवर म्हणा. आजोबांना ओवीची चाल सुचली तर उत्तमच.

भाषेचं असं करा. ओळीओळीचं भाषांतर करत बसलात तर गोष्ट मरते. दीड-दोन पानं इंग्रजीत वाचा, थांबा, आणि काय झालं ते मुलाला मराठीत आजीला सांगू द्या. तो अडला की शब्द आजीने पुरवायचा, आईबाबांनी नाही. ड्वार्फला बुटका चालतो, पण एल्फला परी म्हणू नका. परी म्हटलं की पंखवाली चिमुकली बाई डोळ्यांसमोर येते, आणि टोल्किनचे एल्फ उंच, शस्त्रधारी, हजारो वर्षं जगणारे आहेत. आपल्याकडे नेमका शब्द असेल तर मात्र बेलाशक वापरावा. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या मराठी नावात 'परीस' आला तो असाच.

पाचवं प्रकरण आजीच्या हाती द्या. अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि तिथे राहणारा विचित्र प्राणी गॉलम कोड्यांची पैज लावतात. दर कोड्याला पुस्तक मिटायचं आणि सगळ्यांनी उत्तर शोधायचं. एका कोड्याचं उत्तर 'दात' आहे. तिथे आजीने 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' टाकावं. बिल्बोच्या कोड्यात दातांना घोडे म्हटलंय आणि ते तीसच आहेत, मग दोन कुठे गेले यावर नऊ वर्षांची मुलं हमखास भांडतात. त्या रात्री अर्ध्याऐवजी एक तास ठेवा.

पुस्तकातला थ्रोरचा (थोरिनच्या आजोबांचा) नकाशा ए-थ्री कागदावर मोठा करून भिंतीवर लावा. एक गोष्ट आधी सांगून ठेवा: त्यात वरची बाजू पूर्व आहे, उत्तर नाही. हे माहीत नसलं की मुलं दिशांचा घोळ घालतात.

आता सिनेमे. 'हॉबिट'चे तीन सिनेमे (२०१२ ते २०१४) मिळून ४७४ मिनिटांचे आहेत, म्हणजे जवळजवळ आठ तास. एवढ्याशा पुस्तकाला इतकं ताणल्यावर मध्ये लढाया भरल्या गेल्या. पहिला दाखवा, बाकीचे राहिले तरी बिघडत नाही. तिसऱ्याच्या वाढीव आवृत्तीला तर अमेरिकेत हिंसेमुळे 'आर' (सतराखालच्यांसोबत मोठं माणूस हवं) मिळालं आहे. धाकटं भावंड असेल तर १९७७ ची ७७ मिनिटांची कार्टून फिल्म बरी.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुस्तकासाठी अकरा-बारा वर्षांपर्यंत थांबा. ही एकच कादंबरी आहे. १९५४-५५ मध्ये छपाईच्या सोयीसाठी तीन खंडांत निघाली. हॉबिट लोकांची माहिती देणारी प्रस्तावना पहिल्यांदा सरळ सोडा. अनेकांचं वाचन तिथेच थांबतं.

खंड आणि सिनेमे एकमेकांशी जुळत नाहीत, इथे चूक होते. 'एक खंड, मग एक सिनेमा' असा बेत केला तर प्रवासातला एक सोबती बोरोमिर याचा मृत्यू सिनेमात आधी दिसतो, कारण पुस्तकात तो दुसऱ्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात आहे. ते एक प्रकरण वाचून मगच पहिला सिनेमा लावा. उलट, दुसऱ्या खंडाच्या शेवटची कोळीण शेलॉब तिसऱ्या सिनेमात गेली आहे. दुसरा सिनेमा संपल्यावर 'कोळीण कुठाय?' असं विचारतील, आधीच सांगा.

लगेच पाहायचाच हट्ट असेल तर नऊ वर्षांच्या मुलाला फक्त पहिला दाखवा, तोही शेजारी बसून. अमेरिकेत तिन्हींना पीजी-१३ (तेराखालच्यांच्या पालकांना इशारा) आहे. ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाले तेव्हा पहिल्याला पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाने) आणि पुढच्या दोन्हींना १२ए (बाराखालच्यांसोबत मोठं माणूस हवं) मिळालं. चित्रपटगृहात आली ती १७८ मिनिटांचीच आवृत्ती घ्या, वाढीव नको. रिव्हेंडेलमधली (एल्फांच्या वस्तीतली) सभा संपली की तोडा, उरलेला दुसऱ्या दिवशी. घाबरण्याच्या जागा सांगून ठेवते: रिव्हेंडेलमध्ये अंगठी पाहून बिल्बोचा चेहरा क्षणभर भयंकर होतो (मोठी माणसंही दचकतात), आणि आयझेनगार्ड या जादूगाराच्या गडातल्या चिखलातून उरुक-हाय नावाचे राक्षसी सैनिक बाहेर येतात. आजी-आजोबांसाठी इंग्रजी सबटायटल्स लावाच; उच्चार आणि नावं दोन्ही अवघड आहेत.

तिसऱ्या खंडातलं शेवटून दुसरं प्रकरण सिनेमात नाही, आणि परदेशातल्या घरांनी ते चुकवू नये असं आमचं ठाम मत आहे. अंगठी नष्ट करून चौघे हॉबिट घरी परततात, तर गावात झाडं तोडलेली, ओळखीची घरं पाडलेली, आणि जिकडेतिकडे नव्या नियमांच्या पाट्या. दहा वर्षांनी आपल्या गल्लीत जाऊन आलेल्या आईबाबांनी हे प्रकरण स्वतः वाचून दाखवावं, मुलावर सोपवू नये.

आणि तिसरा सिनेमा २०१ मिनिटांचा आहे. संपला संपला म्हणता पुन्हा सुरू होतो. शनिवारी दुपारी जेवणं उरकून दोनला लावा, रात्री आठला नको.