मनातल्या चित्रांचा अभ्यास: सुरुवात कुठून करावी

थेट मेंदूच्या स्कॅनवर उडी मारू नका. आधी मानसशास्त्रज्ञ शेपर्ड आणि मेट्झलर यांचा १९७१ चा प्रयोग पचवा. ठोकळ्यांच्या दोन आकृत्या एकच की आरशातल्या, एवढंच ओळखायचं. त्यांच्यातला कोन वाढवत नेला की उत्तराचा वेळही सरळ रेषेत वाढतो; वेग साधारण सेकंदाला ६० अंश. मनातली प्रतिमाही टप्प्याटप्प्याने वळते, याचा हा फार सुंदर पुरावा आहे.

स्वतः करून बघताना आलेखात फक्त ‘एकच’ असलेल्या जोड्यांची बरोबर उत्तरं घ्या. आरशातल्या जोड्या कितीही फिरवल्या तरी जुळत नाहीत, मग कोन कुठला मोजणार? सरावाच्या फेऱ्या वेगळ्या काढा, नाहीतर सुरुवातीचा संथपणा आकडे बिघडवतो. आणि ‘मनात फिरवा’ असं चुकूनही सांगू नका. मनातली चित्रं खरोखर चित्रांसारखी असतात यावर शंका घेणाऱ्या संशोधक पिलिशिनचा आक्षेप अशाच ठिकाणी लागू पडतो: माणसं खऱ्या फिरण्याला जेवढा वेळ लागेल असं वाटतं, तेवढाच घेतात.

आणखी एक. मनात चित्र अजिबात दिसत नाही म्हणणारेही ही कोडी सोडवतात. म्हणून चित्राचा ठळकपणा वेगळा मोजा; त्यासाठी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्सची १६ प्रश्नांची प्रश्नावली आहे.