स्टेजवर मूल मध्येच थांबलं तर

"घरी सगळं येत होतं हो, स्टेजवर मात्र मध्येच थांबली. तिच्यात आत्मविश्वास कमी आहे का?" डिसेंबर-जानेवारीत, गॅदरिंगच्या दिवसांत, समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. त्यातलंच हे एक उदाहरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सहा वर्षांची, कोथरूडची. कथकच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. गुरुवंदना छान झाली, तत्कार म्हणजे तालावरचं पायांचं कामही झालं. पुढच्या तुकड्यात, म्हणजे बोलांवर बसवलेल्या छोट्या रचनेत, ती थांबली ती थांबलीच. बाकीच्या मुली समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आल्या, ही नुसती समोर बघत उभी. नंतर ती रडली नाही. आई मात्र घरी जाऊन खूप रडली. "क्लास बंद करू का?" हे विचारायलाच ती आली होती.

बाबांनी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. तो व्हिडिओ मी आईबरोबर पाहिला आणि मग आवाज वाढवून पुन्हा लावला. तबल्यापेक्षाही जवळून एक दबका आवाज येत होता, "हात... अगं हात वर... डावा!" आवाज आईचाच. तोवर मुलीचा तुकडा सुटला नव्हता, फक्त डावा हात खाली राहिला होता. आवाज ऐकून ती वळते, प्रेक्षकांत आईचा चेहरा शोधते, तो सापडतो आणि तिचे पाय थांबतात.

आईचा चेहरा पडला. पण मी तिला दोष देणार नाही. ती स्वतः प्रवेशिकेच्या परीक्षेपर्यंत कथक शिकलेली, दहावीला सोडावं लागलेलं. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली. त्या पुण्यात आज आई आणि लेक दोघीही कथक शिकलेल्या अशी घरं मला नेहमी भेटतात. जिला बोल तोंडपाठ आहेत, तिला खाली राहिलेला हात आधी दिसणारच.

पण मूल बिचकलं की आधी आपल्या माणसाचं तोंड बघतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना जाड काचेवर सोडलं होतं. काचेखाली पुढे खोल आहे असं दिसायचं, पलीकडे आई. आईचा चेहरा हसरा असला की बहुतेक बाळं रांगत पलीकडे गेली. घाबरलेला असला तेव्हा एकही गेलं नाही. सहा वर्षांचं मूल घरात कितीही टरटर बोलो, अनोळखी दिव्यांखाली ते हेच करतं. शिवाय अंगवळणी पडलेला तुकडा आपोआप चालतो. मध्येच 'कुठला हात?' असा विचार आला की पुढचं सुटतं.

मुलीशी मी वेगळी बोलले. ती म्हणाली, "आईचं तोंड बघून मला वाटलं, सगळंच चुकलं." आत्मविश्वासाचा प्रश्न माझ्यासाठी तिथेच मिटला.

आईला मी एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी खुर्चीत बसून फक्त बघायचं. ओठ हलवायचे नाहीत, हातांनी खुणा करायच्या नाहीत. चुका क्लासच्या ताई बघतील, ते त्यांचं काम आहे. कार्यक्रम झाल्यावर "का थांबलीस?" असं विचारायचं नाही, आधी जवळ घ्यायचं, खायला द्यायचं. क्लासचा निर्णय त्या रात्री तर नकोच. बाबांना मात्र मी जरा ठामपणे सांगितलं, कारण तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला होता आणि खाली हसण्याच्या इमोजी होत्या. मुलीने त्या पाहिल्या होत्या. त्यांनी तिच्यासमोर तो काढून टाकला आणि तिला सॉरी म्हटलं. क्लास तिला सोडायचा नव्हताच. तिची मैत्रीण तिथे आहे आणि घुंगरू तिला फार आवडतात.

एकदा स्टेजवर थांबलं म्हणून मुलाला समुपदेशकाकडे आणायची गरज नसते. पण घरात भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त तोंडच उघडत नसेल, क्लासच्या दिवशी दर वेळी पोटात दुखत असेल, झोप उडत असेल किंवा वाढदिवसालाही जायला ते घाबरत असेल, तर थांबू नका, लवकर दाखवा.