वाफेचे इंजिन वॅटने शोधले का?

प्रश्न : किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. हे खरे आहे का? औद्योगिक क्रांतीत या यंत्राला एवढे महत्त्व का दिले जाते?

उत्तर : किटलीची गोष्ट गोड असली, तरी तिच्यामुळे वॅटचे खरे कर्तृत्व झाकले जाते. थॉमस न्यूकोमेनचे वाफेवर चालणारे इंजिन इंग्लंडमधील खाणींतले पाणी १७१२ पासून उपसत होते आणि वॅटचा जन्म १७३६चा आहे. न्यूकोमेनच्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरून आतच थंड पाण्याचा फवारा सोडत. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. प्रत्येक फेरीला सिलिंडर थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा, यात कोळसा अतोनात जळे. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी हे चालून जाई, पण कॉर्नवॉलमधील कथील आणि तांब्याच्या खाणमालकांना ते परवडेनासे होई.

ग्लासगो विद्यापीठात उपकरणे बनवणाऱ्या वॅटकडे १७६३-६४च्या हिवाळ्यात या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती दुरुस्तीला आली. ती काही फेऱ्या मारून थांबे, कारण बॉयलरमधली वाफच संपून जाई. दुरुस्ती करून ती परत देता आली असती, पण एवढी वाफ जाते कुठे, या प्रश्नाचा वॅटने पिच्छा सोडला नाही. वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे ठेवावे, म्हणजे सिलिंडर कायम गरम राहील, हे त्याला १७६५ मध्ये सुचले आणि १७६९ मध्ये त्याने पेटंट घेतले. मात्र दट्ट्या घट्ट बसेल इतका अचूक गोल सिलिंडर तेव्हा कोणालाच करता येत नव्हता. जॉन विल्किन्सनच्या तोफा कोरण्याच्या यंत्राने ही अडचण सोडवली आणि १७७६ मध्ये वॅटची इंजिने कामाला लागली. विल्किन्सनचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

खरा बदल घडला तो १७८०च्या दशकात, इंजिनाने चाक फिरवू लागल्यावर. तोवर सूतगिरणी पाणचक्कीसाठी नदीकाठीच उभारावी लागे आणि उन्हाळ्यात पाणी आटले की काम थांबे. आता ती मँचेस्टरसारख्या शहरात, मजूर जिथे मिळतील तिथे, उभी राहू शकली. इंजिनाला ऋतू नव्हता आणि थकवाही नव्हता, म्हणून माणसांचे, त्यातही लहान मुलांचे, कामाचे तास त्याच्या मापाने ठरू लागले. ब्रिटनच्या १८३३च्या कायद्याने रेशमाच्या गिरण्या वगळता कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि त्याहून थोड्या मोठ्या मुलांचे काम दिवसाला जास्तीत जास्त ९ तासांवर आणले. त्यावर देखरेख करण्यासाठी साऱ्या देशात नेमलेले निरीक्षक मात्र चारच होते.