मेंदूला स्वतंत्र विभाग कधी मिळाला?

प्रश्न : मेंदूचा अभ्यास शेकडो वर्षं चालू आहे. मग न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेचं शास्त्र, हा विषय जेमतेम साठ वर्षांचा, असं का म्हणतात?

उत्तर : कारण तोवर मेंदूची वाटणी झालेली होती. रचना शरीररचनाशास्त्राकडे, विद्युत्संदेश शरीरक्रियाशास्त्राकडे, रसायनं जीवरसायनवाल्यांकडे, वर्तन मानसशास्त्राकडे. १९६२ साली एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेतल्या फ्रान्सिस श्मिट यांनी ‘न्यूरोसायन्सेस रिसर्च प्रोग्रॅम’ सुरू करून या मंडळींना एकत्र बसवलं. तरी मी जास्त श्रेय स्टीफन कफलर यांना देईन. १९६६ मध्ये त्यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यूरोबायोलॉजीचा, म्हणजे चेतासंस्थेच्या जीवशास्त्राचा, स्वतंत्र विभागच काढला. बैठकांतून ओळखी वाढतात. विद्यार्थी घडतात ते विभागात. १९६९ मध्ये अमेरिकेत ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ स्थापन झाली.

प्रश्न : मेंदूच्या पेशींचा अभ्यास करणारे इटलीचे गॉल्जी आणि स्पेनचे काहाल यांची मतं परस्परविरोधी होती, तरी नोबेल दोघांना मिळून कसं?

उत्तर : पद्धत एकाची, अर्थ दुसऱ्याचा. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण होतात त्या फाट्या-उपफाट्यांसकट. गॉल्जींची ही १८७३ची युक्ती. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या, तर नुसती काळी गिचमीड दिसली असती! काहाल यांनी अशा काचपट्ट्या १८८७ मध्ये माद्रिदला पाहिल्या आणि पुढे भ्रूणांच्या मेंदूवर ती पद्धत वापरली. तिथे तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण अजून चढलेलं नसतं, त्यामुळे ते स्पष्ट उमटतात. गॉल्जींना सलग जाळं दिसलं, काहालना सुट्या पेशी. १९०६ मध्ये पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानातही गॉल्जींनी सुट्या पेशींच्या सिद्धान्तावर टीका केली. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. पेशी हे एकक असं पक्कं झालं, म्हणूनच पुढे वेगवेगळ्या शाखांना एकाच गोष्टीबद्दल बोलता आलं.

प्रश्न : वेगवेगळ्या शाखांतून मेंदूकडे वळण्याचं असं काही आपल्याकडे घडलं का?

उत्तर : घडलं, आणि मुंबईत. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रेण्वीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. ते मूळचे जनुकशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकात कॅलटेक या अमेरिकेतल्या संस्थेत सिमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवर काम केलं. परत आल्यावर फळमाशीला वास आणि चव कशी कळते, याचा मागोवा जनुकांतून घेतला. त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तेच काम पुढे नेलं.