मुलाच्या एएमई कोर्ससाठी पीपीएफ मोडू का?

नमस्कार, तुम्ही लिहिलंय की पीपीएफ मॅच्युअर झालंय, ११ लाख आहेत, मुलगा बारावी झालाय आणि एएमई म्हणजे विमान देखभाल अभियंत्याच्या बी१.१ (टर्बाइन इंजिनची विमानं) कोर्सची फी ९ लाख, तर सगळे पैसे घालू की कर्ज काढू.

सगळे घालू नका. तुम्ही ५२ वर्षांचे आहात, हा पैसा परत जमवायला वेळ उरलेला नाही. मुलाची आवड खरी आहे हे तुमच्या पत्रातून कळतंच, पण खरा खर्च फीच्या पुढे आहे आणि तो कोणी आधी सांगत नाही.

डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, युरोपच्या धर्तीवर कार-६६ हे लायसन्सचे नियम आणल्यापासून लायसन्सची रचनाच बदलली. बी१ म्हणजे मेकॅनिकल बाजू, बी२ एव्हियॉनिक्स म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक्सची बाजू, परीक्षेच्या प्रत्येक मॉड्यूलला (विषयाला) ७५% गुण हवेत. कोर्स झाला म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही, कार-१४७ (प्रशिक्षण संस्थांचे नियम) मान्यतेच्या संस्थेतून शिकला तरी चालू विमानांवर २ वर्षांचा अनुभव लागतो, आणि लायसन्स हातात आल्यावरही एअरबस ए३२० सारख्या मोठ्या विमानाच्या देखभालीनंतर ते उडायला योग्य आहे अशी सही करायला त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची खास पात्रता, वेगळं. त्यामुळे २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली तरी नुसता कोर्स केलेली मुलं अनुभवासाठी रांगेत, आणि मागणी मात्र टाइप रेटिंगवाल्यांना.

आता कर्जाचं बघा. शिक्षण कर्जाचे हप्ते बहुतेक बँकांत कोर्स संपल्यावर साधारण १ वर्षाने सुरू होतात, आणि अनुभवाला लागतात २ वर्षं, म्हणजे लायसन्स येण्याआधीच ईएमआय चालू, तेव्हा मुलगा फार तर टेक्निशियनच्या पगारावर असेल. मी हाच मधला काळ धरून हिशोब करते. ४ लाख पीपीएफमधून, ५ लाख कर्ज. व्याज १०% धरलं तर ७ वर्षांसाठी ईएमआय साधारण ८,३००, म्हणजे मधल्या वर्षाला १ लाखाच्या आसपास. उरलेले ७ लाख पीपीएफमध्येच राहू द्या, नवीन पैसे न भरता खातं चालू ठेवता येतं, फक्त वर्षातून एकदाच काढता येतात, म्हणून फीच्या तारखा आधी बघून घ्या. कोर्स चालू असताना जमलं तर कर्जाचं नुसतं व्याज भरत राहा, नाहीतर ते मुद्दलात चढतं. व्याजाची टॅक्स वजावट फक्त जुन्या रेजीममध्ये, ८ वर्षं.

टाइप रेटिंगला आत्ता एक रुपयाही देऊ नका, संस्था पॅकेज म्हणून गळ्यात मारत असेल तरी. आणि फी भरायच्या आधी डीजीसीएच्या साइटवर त्या संस्थेची मान्यता बी१.१ लाच आहे का ते स्वतः बघा, एखादीला फक्त बी२ ची असू शकते.